मधली सुट्टी आणि सहा नळ

मित्रहो, मुख्याध्यापक वेळापत्रक पर्यवेक्षकांवर सोपवतात आणि पर्यवेक्षक गेल्या वर्षीच्या कागदावर. मीही बरीच वर्षं हेच केलं. धारूरकडच्या डोंगरपट्ट्यातली शाळा, पाचवी ते दहावी, ६०० लेकरं. साडेदहाला परिपाठ, मग ३५ मिनिटांच्या चार तासिका, मध्ये लहान सुट्टी, आणि सव्वाला मधली सुट्टी. ३० मिनिटं. तीसच का, हे कुणी विचारलं नव्हतं.

एकदा घड्याळ घेऊन नळापाशी उभा राहिलो. नळ सहा. एका लेकराला हात धुवायला अर्धं मिनिट धरा. निव्वळ हात धुण्यातच ५० मिनिटं! म्हणून तर मोठी पोरं पँटीला हात पुसून डबा उघडत होती. तांड्यावरचं लेकरू एसटी गाठायला आठलाच घर सोडतं, पोटात चहा आणि रातची भाकर. चौथ्या तासाला मी गणित शिकवायचो. डोळे फळ्याकडं, नाक खिचडीच्या फोडणीकडं.

मग मी हुशारी केली, सुट्टी दोन पाळ्यांत लावली. युक्ती अशी, की सुट्टी तासिकेएवढीच, ३५ मिनिटांची ठेवायची. पाचवी ते आठवी चौथ्या तासानंतर जेवतील, नववी-दहावी पाचव्यानंतर. कागदावर झकास. पण आठवीला आणि दहावीला एकच सर इंग्रजी शिकवतात, त्यांनी जेवायचं कधी? त्यांची एक पाळी मोकळी ठेवायला गेलं की दुसऱ्या तिघांचे तास हलतात. दोन शनिवार त्यात गेले. शिवाय घंटा एकच. वाजते अर्ध्या शाळेसाठी, उठते सगळी शाळा. शेवटी शिपाईमामांनी एक ठोका धाकट्यांना, दोन ठोके थोरल्यांना असं ठरवलं. ते मात्र जमलं.

आठेक दिवसांनी नववीतली एक मुलगी दुसऱ्या पाळीत नुसतीच बसलेली दिसली. डबा कुठंय म्हटलं, तर म्हणाली, "भावानं खाल्ला, सर." भाऊ सातवीत. घरून दोघांत डबा एकच.

आधी काय चालायचं ते मग कळलं. भाऊ ताटात खिचडी घ्यायचा, ही फडक्यातली भाकर आणि कारळाची चटणी सोडायची, दोघं निंबाखाली एकाच ताटात जेवायची. अशा जोड्या मोजल्या, तर पंचवीसच्या वर निघाल्या. सरकारी हिशोबात सहावी ते आठवीच्या लेकराला रोज १५० ग्रॅम तांदूळ, नववीला काही नाही. १५ ऑगस्ट १९९५ला शालेय पोषण आहाराची योजना आली ती पहिली ते पाचवीसाठी. नुसतं धान्य नको, शिजवलेलं अन्न द्या, हे २००१मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. पुढं २००८च्या सुमारास ती आठवीपर्यंत पोचली, आणि तिथंच थांबली. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीला भूक कमी लागते असं कुणाला वाटलं असेल, देव जाणे! तिची सोय त्या निंबाखाली होत होती. माझ्या वेळापत्रकानं ती मोडली.

दोन पाळ्या मी बंद केल्या. एकच सुट्टी, पण ४५ मिनिटांची. परिपाठातली ५ मिनिटं काढली, शेवटच्या दोन तासिकांतून ५-५ घेतली. थोडी कुरकुर झाली. गावातल्या प्लंबरनं लांब पाइपला छिद्रं पाडून टाकीला जोडून दिला. एका वेळी २० लेकरं हात धुतात, सगळी शाळा १५ मिनिटांत उरकते. टँकरच्या दिवसांत तो पाइपही कोरडा असतो, तेव्हा बादली-मगावर भागतं.

उन्हाळ्यात सकाळची शाळा लागली की हे सगळं पुन्हा मांडावं लागतं, त्यावर आज बोलत नाही.

एकदा तपासणीला साहेब आले. रजिस्टर बघून झालं, ताटं मोजून झाली. जाताना निंबाखाली थांबले. म्हणाले, "ही तर नववीची दिसते. खिचडी कशी खातेय?"

मी म्हटलं, "साहेब, भाकर तिची आहे."

ते गाडीकडं चालू लागले.