सामाजी म्हणजेच शमुवेल

श्रोतेहो, नमस्कार. आज एका नावाबद्दल बोलायचंय. शमुवेल. हिब्रूत श्मुएल, इंग्रजीत सॅम्युअल आणि आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर सामाजी. हा सामाजी तेवढा ध्यानात ठेवा, त्याच्यापाशी आपल्याला यायचंच आहे.

नाव बायबलातलं. एलकानाला दोन बायका. पनिन्नेला पोरंबाळं, हन्नेची कूस रिकामी. सवतीचे टोमणे कसे असतात ते तुम्हाला मी सांगायला नको. वर्षातून एकदा सगळं कुटुंब शिलोच्या देवस्थानाला जायचं. तिथे एकदा हन्ना रडत प्रार्थना करत होती. ओठ हलतायत, आवाज नाही. एली नावाच्या याजकाला वाटलं, बाई पिऊन आलीय! तो तिच्यावर डाफरला. ती म्हणाली, महाराज, मी घोटही घेतलेला नाही, देवापाशी मन मोकळं करतेय. तिने नवस बोलला होता, मुलगा दे, तुलाच वाहीन. मुलगा झाला. अंगावरचं दूध सुटल्यावर तिने तो खरोखर शिलोला नेऊन दिला, आणि मग दरवर्षी त्याला एक छोटा झगा शिवून न्यायची. झग्याची ही ओळ बायबलात एवढीशीच आहे, पण मला सगळ्या गोष्टीत तीच आवडते.

मुलाचं नाव तिने ठेवलं शमुवेल, ‘कारण मी हा परमेश्वरापाशी मागितला.’ आता पंडितांची पंचाईत इथेच होते. ‘मागणे’ या अर्थाचा हिब्रू धातू शमुवेलात बसत नाही, तो बसतो शौल या नावात. शमुवेलची फोड कोणी ‘देवाचं नाव’ अशी करतात, कोणी ‘देवाने ऐकलं’ अशी. पुन्हा सांगतो, देवाचं नाव किंवा देवाने ऐकलं. आणि आईच्या तोंडी मात्र, मागितलेला. मला विचाराल तर बारशाच्या दिवशी आईचं व्याकरण चालतं. हल्ली लोक मोबाइलवर अर्थ शोधून नावं ठेवतात, अर्थ असा भारदस्त की उपनिषद वाटावं, आणि घरात हाक मारायची ‘पिल्लू’! आमच्या वेळी धोंडू, दगडू नावाची मुलं होती. त्यांचा अर्थ कोणी शोधला नाही, आणि मागचं मूल दगावलेल्या घराला तो सांगायची गरजही नव्हती. असो.

तर सामाजी. कोकणातले बेने इस्रायल म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावं गावांवरून, पेणकर, नवगावकर, दिवेकर. देवळात, म्हणजे त्यांच्या भाषेत मशिदीत, हिब्रू नाव, आणि वेशीवर मराठी वळणाचं. शमुवेलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी. असे हे सामाजी हसाजी दिवेकर, कंपनी सरकारच्या पलटणीतले अंमलदार.

दुसरं म्हैसूर युद्ध चालू होतं. 1780 नंतरचा काळ. सामाजी भावासह टिपू सुलतानाच्या हाती सापडले. आता पुढची गोष्ट बेने इस्रायलांच्या घराघरांत सांगतात तशी ऐका. कैद्यांना सुलतानापुढे उभं केलं. मरण समोर. टिपूने विचारलं, तुम्ही कोण, जात कोणती? सामाजी काय बोलले असतील? मी तेली, मी कोकणातला, मी कंपनीचा शिपाई, यातलं काहीही खरंच होतं. त्यांनी उत्तर दिलं, बेने इस्रायल. पडद्याआड टिपूची आई होती. ती चमकली. बनी इस्राईल? कुराणात ज्यांचा उल्लेख येतो ते? सतराव्या सूरेला, म्हणजे अध्यायाला, तर तेही एक नाव आहे. तिने ते शब्द आयुष्यभर वाचलेले, पण असा माणूस हिंदुस्थानात, समोर, हाडामांसाचा उभा असेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. ती मुलाला म्हणाली, यांना मारू नकोस. आणि टिपूने आईचं ऐकलं.

हो, आईचं ऐकलं! दरबारात सुलतान, आणि घरात आईपुढे लेक. हल्लीच्या मालिकांमध्ये आई म्हणजे एक तर कटकारस्थानं करणारी, नाहीतर सोशिक, मधलं काही नाहीच. ही बाई पुस्तक वाचून माणसाला ओळखते आणि त्याचा जीव वाचवते, असं एखादं पात्र लिहा की कोणीतरी.

सामाजींनी कैदेत नवस बोलला होता, जिवंत सुटलो तर माझ्या लोकांसाठी प्रार्थनाघर बांधीन. सुटले. मुंबईला आले. आणि 1796 मध्ये शहरातलं पहिलं सिनेगॉग उभं केलं. नाव शआर हारहमीम, म्हणजे दयेचं दार. 1796, लक्षात असू द्या. आजही मांडवीजवळ सॅम्युअल स्ट्रीट आहे. तिथे मसाल्याच्या पोत्यांवरून उडी मारत जाताना हा सॅम्युअल कोण म्हणून विचारून बघा, बहुतेक जण ‘कोणीतरी इंग्रज असेल’ असंच म्हणतील. अहो, दिवेकर! आपले कोकणातले! पाटीवर एक ओळ मराठीत लिहायला रंग किती लागतो? जवळचं मसजिद स्टेशनही याच ‘जुन्या मशिदी’वरून ओळखलं जातं, असं बेने इस्रायल सांगतात.

नवस फेडायची रीत या मंडळींकडे अजून आहे, तिला मलिदा म्हणतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, सुकामेवा, फळं, आणि एलियाहू हनाबीचं, म्हणजे बायबलातल्या एलिया संदेष्ट्याचं स्मरण. आपल्या घरी पोहे कसे भिजवतात ते ठाऊक आहेच, तसेच, फक्त फोडणी नाही. नोकरी लागली, लग्न ठरलं, आजारी माणूस उठून बसला, की मलिदा.

बांधलेल्या प्रार्थनाघरात तोरा, म्हणजे यहुद्यांचा धर्मग्रंथ, हवा, म्हणून सामाजी कोचीनच्या यहुद्यांकडे गेले. 1797 मध्ये तिथेच वारले. एलियाहू हनाबीची गोष्ट वेगळी आहे, अलिबागजवळच्या खडकावर त्यांच्या रथाच्या चाकांचे ठसे दाखवतात. ती पुढच्या भाषणात. नमस्कार.