शिनकावात राहायला आलेला माणूस

(पडद्यावर: कोबे बंदराची जुनी कृष्णधवल छायाचित्रं. गोदीतली जहाजं, पाठीवर ओझी घेतलेले हमाल.)

24 डिसेंबर 1909. जपानमधलं कोबे शहर. नाताळच्या आदल्या दिवशी एकवीस वर्षांचा एक विद्यार्थी हातगाडीवर आपलं सामान लादून निघाला. अंथरूण-पांघरूण, थोडे कपडे आणि पुस्तकं, एवढंच सामान. तो निघाला होता शिनकावाला. जपानमधल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बदनाम झोपडपट्ट्यांपैकी ही एक. तिथे त्याचं कुणी नातेवाईक नव्हतं, कामधंदाही नव्हता. तो तिथे राहायला चालला होता.

त्याचं नाव तोयोहिको कागावा. ख्रिस्ती पाळक होण्यासाठी तो कोबेच्या सेमिनरीत शिकत होता. त्याला क्षय होता. आपल्या हातात फार दिवस नाहीत अशी त्याची खात्री झाली होती. मरायचंच आहे, तर उरलेले दिवस ज्यांना कुणी नाही त्यांच्यात काढू, असा त्याचा सरळ हिशेब होता.

कोबे हे 1868 मध्ये परदेशी व्यापारासाठी खुलं झालेलं बंदर. पुढच्या चाळीस वर्षांत तिथे गोद्या आल्या, आगपेट्यांचे कारखाने आले, आणि खेड्यांतून माणसांचे लोंढे आले. त्यांतल्या ज्यांना कुठेच थारा मिळाला नाही, ते शिनकावात येऊन पडले. रोजंदारीवरचे हमाल, कचरा वेचणारे, भीक मागणारे, जुगारी, शरीरविक्रय करणाऱ्या बायका. बुटक्या लाकडी चाळींच्या रांगाच रांगा, मध्ये जेमतेम माणूस जाईल एवढी वाट. नळ सामाईक, संडास सामाईक. कागावांना मिळालेली खोली बरेच दिवस रिकामी होती, कारण तिथे एक खून झाला होता आणि खोलीत भूत आहे अशी सगळ्यांची समजूत होती. म्हणून ती स्वस्तात मिळाली.

हा मुलगा इथवर आला कसा? जन्म 1888 चा, याच कोबेतला. वडील व्यापारी, राजकारणातही वावरलेले. आई त्यांची लग्नाची बायको नव्हती, ती गेइशा, म्हणजे नाचगाण्याने मनोरंजन करणारी कलावंतीण होती. मूल पाच वर्षांचं होण्याआधीच दोघंही गेले. मग शिकोकू बेटावर, वडिलांच्या लग्नाच्या बायकोच्या घरी त्याला वाढवलं गेलं. घर मोठं होतं, माया बेताची. शाळेत असताना इंग्रजी शिकण्याच्या निमित्ताने तो लोगन आणि मायर्स या दोन अमेरिकन मिशनऱ्यांच्या घरी जाऊ लागला. त्या घरांत त्याला आधी जेवण आणि आपुलकी मिळाली, शुभवर्तमान त्यानंतर. 1904 मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला. पुढे पाळक व्हायचं ठरवलं तेव्हा काकांनी त्याच्याशी संबंध तोडले.

शुभवर्तमानातला येशू त्याने फार सरळपणे वाचला. देवाच्या बरोबरीने असणाऱ्याने स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं, आणि वधस्तंभावरचं मरणही पत्करलं. हे खरं मानायचं, तर मग आपण नदीच्या या काठावर उभं राहून त्या काठावर भाकरी कशी फेकायची?

(पडद्यावर: अरुंद गल्ल्यांचं जुनं छायाचित्र. कॅमेरा हळूहळू एका दाराकडे.)

खोलीत लवकरच माणसं भरू लागली. सगळ्या अंगाला खरूज झालेला एक जण आला आणि राहिला. एक दारुडा आला. माणूस मारून तुरुंगवास भोगून आलेला एक जण आला. मेलेल्याच्या भीतीने त्याला रात्री झोप येत नसे, तेव्हा कागावा त्याचा हात धरून झोपत. सेमिनरीची शिष्यवृत्ती एका माणसापुरती होती, तिच्यात आता चार पोटं भरायची होती. कागावा धुराडी साफ करायची कामं घेऊ लागले, आणि जेवण दोन वेळांवर आणलं. कुणी अंगातला सदरा मागितला तर देऊन टाकत. गुंड दारू पिऊन येत, धमकावून पैसे उकळत. एकाने मारहाण करून त्यांचे पुढचे दात पाडले. कागावांनी उलट हात उचलला नाही, आणि खोलीही सोडली नाही.

त्या सहवासाची एक खूण जन्मभर राहिली. अंथरुणात जागा दिलेल्या एका आजाऱ्याकडून त्यांच्या डोळ्यांना खुपरी झाली. ट्रॅकोमा नावाचा हा संसर्ग. पापणीची आतली बाजू खरखरीत होते, पापण्या आत वळतात, केस बुबुळाला घासत राहतात आणि नजर विझत जाते. पुढच्या आयुष्यात कागावा वारंवार आंधळेपणाच्या उंबरठ्यावर गेले. भिंग डोळ्याशी धरून वाचत, अक्षरं मोठी मोठी काढून लिहीत.

पण शिनकावात त्यांना सर्वांत जास्त हादरवलं ते तान्ह्या मुलांनी.

नको असलेली मुलं, बहुतेक लग्नाबाहेर जन्मलेली, थोड्या पैशांसह कुणाच्या तरी हवाली केली जात. पैसे घेणारी बाई त्यातून आपल्या घरची चूल पेटवी, आणि बाळाला तांदळाची पातळ पेज पाजत राही. दूध नाहीच. काही आठवड्यांत बाळ वाळून मरे. कधी ते पहिल्या बाईकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे जाई, आणि दर हाताला रक्कम कमी कमी होत जाई. शिनकावातल्या पहिल्या वर्षी कागावांनी जे अंत्यविधी केले, त्यांत अशी बाळं बरीच होती. अशी एक मुलगी पोलिसांपर्यंत पोहोचली, तेव्हा एकवीस-बावीस वर्षांच्या या अविवाहित विद्यार्थ्याने तिला मागून घेतलं. रात्र रात्र तिला मांडीवर घेऊन बसायचं, दुधाची बाटली लावायची, दुपटी धुवायची, आणि सकाळी परीक्षेला जायचं.

इथे थोडं थांबायला हवं. त्या बायकांना राक्षसिणी म्हणून मोकळं होणं सोपं होतं. कागावा त्यांच्या शेजारी राहत होते, म्हणून त्यांना ते जमलं नाही. बाळ घेणारीच्या घरात तिची स्वतःची मुलं उपाशी असत. नवऱ्याला गोदीत काम मिळालं नाही की त्या दिवशी पैसे नाहीत, आणि पैसे नाहीत की आणखी एक बाळ घरात येई. एका बाळाला वाचवून ही साखळी तुटत नव्हती. बाहेरून येऊन धान्य वाटून परतणाऱ्याला ही साखळी दिसणंच शक्य नव्हतं. ती दिसायला मुक्काम करावा लागला. माझ्या मते कागावांच्या त्यागाचं खरं फळ हेच. त्यांनी काय काय सोडलं याची यादी मोठी आहे, पण त्या सोडण्याने त्यांना पाहता काय आलं, ते जास्त महत्त्वाचं आहे.

(पडद्यावर: छापखान्यात पुस्तकबांधणी करणाऱ्या मुली.)

आता कागावांच्या पत्नी हारू यांच्याविषयी. या कथेत त्यांना नेहमी कोपऱ्यात बसवलं जातं, ते बरोबर नाही.

शिबा हारू एका छापखान्यात पुस्तकबांधणीचं काम करत. त्याआधी मुलगी असताना टोकियोत घरकामाला होत्या. कष्ट म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकायचं नव्हतं. कागावांची प्रवचनं ऐकून त्या दिवसभराची पाळी संपल्यावर शिनकावात येऊ लागल्या. आजाऱ्यांचं अंग पुसणं, मुलांच्या डोक्यातल्या उवा काढणं, जखमा बांधणं. 1913 मध्ये दोघांचं लग्न झालं. चरित्रकार सांगतात की शेजाऱ्यांना मेजवानी देताना कागावांनी हारूंची ओळख ‘तुम्हा सगळ्यांची मोलकरीण’ अशी करून दिली. ख्रिस्ताच्या सेवकपणाचा अर्थ त्यात असेल, पण आज ते ऐकताना टोचतंच. नवऱ्याने स्वतःला सेवक म्हणणं आणि बायकोला सर्वांची सेविका म्हणून उभं करणं, यांत अंतर आहे. हारूंनी मात्र ते काम आपल्या पद्धतीने मोठं केलं. त्यांनाही खुपरी झाली, एका डोळ्याची दृष्टी कायमची गेली. 1921 मध्ये त्यांनी मैत्रिणींसह कष्टकरी बायकांची एक संघटना उभी केली.

1914 मध्ये कागावा अमेरिकेला, प्रिन्स्टनला शिकायला गेले. हारू त्या काळात योकोहामाला बायबलचं शिक्षण घेत होत्या. न्यूयॉर्कमध्ये कागावांनी संपावर गेलेल्या शिंप्यांचा मोर्चा पाहिला. हजारो माणसं रस्त्यावर होती, आणि ती भीक मागत नव्हती, मजुरी मागत होती. 1917 मध्ये ते परतले ते पुन्हा शिनकावातच.

पुढच्याच वर्षी तांदळाचे भाव भडकले आणि जपानभर दंगे पेटले. ऑगस्ट 1918 मध्ये कोबेत जमावाने सुझुकी या बड्या व्यापारी पेढीची कचेरी जाळली. आगीने तांदूळ स्वस्त होणार नव्हता. कागावा कामगार संघटनांच्या कामात उतरले. 1921 मध्ये कावासाकी आणि मित्सुबिशीच्या गोद्यांतल्या सुमारे 30,000 कामगारांनी संप केला. कागावा त्याच्या पुढाऱ्यांपैकी होते, हात उचलायचा नाही असं सांगत चालणारे. त्यांना अटक झाली. संप फसला.

पण त्याच वर्षी दुसरं एक बी रुजलं. कोबेजवळच्या नादा भागातला एक धनिक व्यापारी, आपला पैसा समाजाच्या कामी कसा लावावा, हे विचारायला कागावांकडे आला. दान करा, असं कागावांनी सांगितलं नाही. त्यांनी सांगितलं, ग्राहकांची सहकारी संस्था काढा. कोबे आणि नादा इथे अशा दोन संस्था सुरू झाल्या. गरिबाला तांदूळ, तेल, मीठ योग्य भावात मिळावं, आणि दुकानाचा मालकही तोच असावा. 1922 मध्ये शेतकऱ्यांची संघटना उभी राहिली, सुगियामा मोतोजिरो यांच्यासोबत. खेड्यातलं कूळ जगलं तरच शहरातली झोपडपट्टी वाढायची थांबेल, हे त्यामागचं गणित. 1923 च्या महाभूकंपानंतर कागावा मदतकार्यासाठी टोकियोला गेले. वाईट घरांच्या वस्त्या सुधारण्याचा कायदा 1927 मध्ये झाला, त्यासाठीही त्यांनी आवाज उठवला होता, आणि शिनकावाच्या चाळींच्या जागी पक्क्या इमारती येऊ लागल्या. या सगळ्याला पैसा लागत होता. त्यातला बराचसा त्यांच्याच एका आत्मचरित्रात्मक कादंबरीने मिळवला. 1920 ची ती कादंबरी लाखोंनी खपली आणि मानधन वस्त्यांतल्या कामात गेलं.

(पडद्यावर काही क्षण फक्त काळोख. निवेदकाचा आवाज संथ.)

एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. 1915 मध्ये कागावांनी गरिबांच्या मनोवृत्तीचा अभ्यास म्हणून एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात बुराकुमिन लोकांविषयी, म्हणजे कातडी कमावणं आणि जनावरं कापणं या कामांमुळे पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या जपानी समाजाविषयी, अत्यंत अपमानकारक आणि वंशभेदी विधानं आहेत. शिनकावात त्यांचे शेजारी कोण होते? त्यांतले कितीतरी याच समाजातले. त्यांच्याबरोबर जेवणारा, त्यांच्या प्रेतांना खांदा देणारा माणूस त्यांच्या रक्ताविषयी असं लिहू शकला. बुराकू चळवळीने नंतर यावर कठोर टीका केली, चर्चमध्येही वाद झाले. ही टीका योग्य आहे. जातीची घाण काय असते हे आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको. वस्तीत राहिल्याने बाळांच्या मृत्यूमागचं कारण ज्यांना उमगलं, त्यांनाच हे उमगलं नाही. सेवा करणाऱ्याच्या मनातही उंच जागा शिल्लक राहते, ती रिकामी करायची राहून जाते.

आणि मग प्रश्न आला देशाचा.

1937 पासून जपानचं सैन्य चीनमध्ये कत्तली करत होतं. कागावा शांततावादी होते. त्यांनी चिनी ख्रिस्ती बांधवांची आधीच लेखी क्षमा मागितली होती. 1938 च्या डिसेंबरात मद्रासजवळ तांबरमला जगभरच्या मिशनरी मंडळींची परिषद भरली, तिला ते आले. परिषदेनंतर, जानेवारी 1939 मध्ये, ते बारडोलीला गांधीजींना भेटले. या भेटीची नोंद गांधीजींच्या समग्र वाङ्मयात आहे. युद्धाबद्दल जपानमध्ये लोकांना काय वाटतं, असं गांधीजींनी विचारलं. कागावा म्हणाले की मी तिथे पाखंडीच ठरतो, आणि उलट विचारलं, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? गांधीजींचं उत्तर थेट होतं. मी माझं पाखंड जाहीर केलं असतं आणि गोळी झेलली असती. तुमच्या सहकारी संस्था आणि तुमचं सगळं काम तराजूच्या एका पारड्यात ठेवा, देशाची अब्रू दुसऱ्यात. अब्रू विकली जात असेल, तर बोला, आणि तुमच्या मरणाने जपानला जगवा.

शिनकावात मरायला आलेल्या माणसाला तीस वर्षांनी हा प्रश्न पुन्हा विचारला गेला. एकवीसाव्या वर्षी देण्यासाठी फक्त स्वतःचा जीव होता. आता हजारो माणसांचा आधार असलेल्या संस्था होत्या, आणि त्या बंद पाडायला सरकारला एक हुकूम पुरेसा होता.

ऑगस्ट 1940 मध्ये लष्करी पोलिसांनी कागावांना टोकियोत चर्चमधून पकडून नेलं. काही दिवसांनी सुटका झाली. त्यानंतर ते गांधीजींनी सांगितलेल्या वाटेने गेले नाहीत. युद्धाच्या अखेरच्या काळात त्यांनी रेडिओवरून अमेरिकेविरुद्ध भाषणंही केली. परदेशातल्या अनेक चाहत्यांना ते पटलं नाही, आणि जपानमध्ये यावर आजही चर्चा होते. युद्धानंतर शांततेसाठीच्या नोबेल पुरस्कारासाठी त्यांचं नाव सुचवलं गेलं, मिळाला नाही. 23 एप्रिल 1960 रोजी टोकियोत त्यांचं निधन झालं. हारू त्यांच्यानंतर बावीस वर्षं जगल्या. 1982 मध्ये, वयाच्या 94 व्या वर्षी त्या गेल्या.

कोबे आणि नादाच्या सहकारी संस्था 1962 मध्ये एक झाल्या. आज तिचं नाव को-ऑप कोबे, आणि सभासद पंधरा लाखांहून अधिक. 17 जानेवारी 1995 च्या पहाटे कोबेला भूकंपाने उद्ध्वस्त केलं, त्यात संस्थेचं मुख्यालयही कोसळलं. महापालिकेशी आपत्काळासाठी आधीच करार झालेला होता. त्याप्रमाणे संस्थेची माणसं, ज्यांतल्या कित्येकांची स्वतःची घरं पडली होती, लोकांपर्यंत अन्न पोहोचवायच्या कामाला लागली.