लांगझा ते कोमिक, पायी

(सकाळ. मातीच्या धाब्यांवर रचलेल्या गोवऱ्या. एका घरातून धूर.)

हे हिमाचलच्या स्पिती खोऱ्यातलं लांगझा. उंची साधारण ४,४०० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. अडीच कळसूबाया एकावर एक रचल्या, तरी या घराचं अंगण वरच राहतं.

निघण्याआधी चहा. मीठ आणि लोणी घातलेला. चहा समजून प्यायलात तर फसाल. कढण समजून प्या, दुसरी वाटी मागाल.

(मोठी बुद्धमूर्ती. पलीकडे ६,३०३ मीटरचं छाऊ छाऊ कांग निल्डा शिखर.)

गावाबाहेर काळे, गोलसर दगड पडलेले असतात. एखादा फुटलेला सापडला, तर आत शंखासारखी वळी दिसते. तुळशीच्या लग्नात नवरदेव म्हणून आपण जो शाळिग्राम ठेवतो, तो येतो नेपाळच्या गंडकीतून. पण त्याच्या पोटातला जीव आणि इथल्या दगडातला जीव एकाच समुद्रातले, प्राचीन टेथिस समुद्रातले. भारताचा भूखंड आशियाला धडकला आणि त्या समुद्राचा तळ इथवर वर आला. दगड बघायचा आणि होता तिथेच ठेवायचा. कुणी विकायला आणला, तरी घ्यायचा नाही.

(पायवाट. पावलांचा आवाज, धापा.)

गाडीरस्ता वळसे घेत जातो, पायवाट त्याला छेदत. समोरचा चढ दिसतो पर्वतीएवढा. वीस पावलं, की थांबा. प्रत्येक श्वासात समुद्रकाठच्या मानाने ६० टक्क्यांच्या आसपासच प्राणवायू येतो. शेजारून पाठीवर भारा घेतलेल्या आजी पुढे निघून जातात. "जुले!" आपल्याला उत्तर द्यायलाही दम उरलेला नसतो.

वाटेत हिरव्या पट्ट्या लागतात: जव आणि मटार. वर्षाला पीक एकच. खाली मैदानात मटार नसतो तेव्हा इथला तयार होतो, म्हणून भाव मिळतो. पण पाऊस इथे नावालाच. शेत भिजतं ते वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर, चर खणून आणलेल्या. हिवाळ्यात बर्फ कमी पडला, की उन्हाळ्यात चर कोरडा.

(वाटेतलं हिक्किम गाव. टपालपेटी.)

हिक्किमचं पोस्ट १९८३ सालचं. पर्यटक इथे फोटोसाठी गर्दी करतात. आम्हीही केली, खोटं कशाला बोला! घरच्या पत्त्यावर एक कार्डही टाकलं. इथली टपालाची पिशवी माणूस पायी खाली काझा या मोठ्या गावाला नेतो. बर्फ पडला, की महिनोन्महिने पोस्ट बंद.

(संध्याकाळ. कोमिक. गोम्पाच्या, म्हणजे बौद्ध मठाच्या, लाल भिंती.)

कोमिक, ४,५८७ मीटर. तिबेटी बौद्धांच्या साक्य पंथाचा तांग्युद गोम्पा, आणि त्याच्या पायथ्याशी मोजकी घरं. चुलीपाशी थुक्पा, म्हणजे शेवयांचं सूप, उकळतोय. घरच्या ताई विचारतात, उद्या देमूल गावी ना?

"मग उजाडताच निघा. दुपारी वारा सुटला, की धारेवर उभं राहू देत नाही."

बूट चुलीजवळ ठेवतो. बाहेर याकच्या गळ्यातली घंटा वाजते.