दवाखाना स्टँडपासून किती पावलं?

नमस्कार श्रोतेहो.

ग्रामीण रुग्णालयाच्या औषधाच्या खिडकीत मी सत्तावीस वर्षं बसलो. पगारपत्रकात माझं पद 'औषध निर्माण अधिकारी' होतं. खिडकीबाहेर मी 'गोयावाले भाऊ', म्हणजे गोळ्या देणारा, होतो. खिडकी एवढीशी, आत फक्त एक हात यायचा, त्यात केसपेपर. चेहरा पाहायचा तर मलाच वाकावं लागे. म्हणून मी हातच वाचायला शिकलो. कापूस वेचणीच्या दिवसांत बायांच्या बोटांना पऱ्हाटीच्या बोंडांनी पाडलेल्या बारीक चिरा असत, आणि त्या चिरांत केसपेपरची शाई उतरलेली असे. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी मी पुडीवर चित्र काढायचो. सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्र. एकदा एका बाईने विचारलं, "मंग अमुशाले गोयी घ्याची नाई का?" त्या दिवसापासून चंद्राच्या जागी मी कंदील काढायला लागलो.

पण त्या हातासोबत आत येणारं पहिलं वाक्य दुखण्याबद्दल क्वचितच असायचं. ते असायचं, "भाऊ, गोया देऊन टाका ना लवकर, साडेतीनची गाडी चालली जाईन."

आज मला या साडेतीनच्या गाडीबद्दलच बोलायचं आहे, जरी विषय नगर परिषदेच्या विकास आराखड्याचा असला तरी.

आमच्या तालुक्याच्या गावाचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला आहे. गावाचं नाव सांगत नाही. विदर्भातल्या बऱ्याच तालुक्यांत थोड्याफार फरकाने हीच गोष्ट चालू आहे, त्यामुळे तुमच्या गावाचं नाव घातलंत तरी चालेल. आराखड्यात यंदा आरोग्याला मध्यभागी ठेवलंय, ही आनंदाची गोष्ट. ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय वाढवून १०० खाटांचं उपजिल्हा रुग्णालय करायचं, त्यासाठी बायपासला मोठी जागा, तिथवर रुंद रस्ता, दुतर्फा झाडं, औषधाच्या दुकानांसाठी वेगळी ओळ. दवाखान्याभोवती नवं गाव उभं करायचं, अशी कल्पना. वाचताना मला बरं वाटत होतं. मग मी नकाशा पाहायला नगर परिषदेच्या पहिल्या मजल्यावर गेलो.

नगररचनेच्या नकाशाला रंगांची भाषा असते. पिवळा म्हणजे रहिवास, निळा म्हणजे व्यापार, हिरवा म्हणजे शेती, तांबडा म्हणजे सार्वजनिक वापर. आमच्या जुन्या दवाखान्याची जागा आजवर तांबडी होती. नव्या नकाशात ती निळी झाली आहे. म्हणजे दवाखाना साडेतीन किलोमीटरवर बायपासला, आणि त्याच्या जुन्या जागी व्यापारी संकुल. गावात अशी तीन संकुलं आधीच आहेत. त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या गाळ्यांत कबुतरं राहतात, आणि त्यांच्याकडून कर वसूल झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

दवाखाना बाहेर नेण्यामागे कुणाची लबाडी असलीच पाहिजे, असं मी म्हणत नाही. कारण साधं आहे: फुकट जमीन तिथं आहे. वऱ्हाडात ज्याला आपण ई-क्लास म्हणतो, ती सरकारी जमीन, पिढ्यान्‌पिढ्या गुरं चारायची. ती मिळवायला संपादनाचा पैसा लागत नाही. गावातली खाजगी जागा घ्यायची तर आधी आराखड्यात आरक्षण टाकायचं, म्हणजे ती जागा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवायची, मग पैसा उभा करायचा, मग संपादन. नगररचनेचा कायदा १९६६ चा. त्यात तरतूद अशी की आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या मुदतीतही संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण उठतं. आमच्याकडे बगिच्याचं एक आरक्षण असंच उठलं, आता तिथं मंगल कार्यालय आहे. मुख्याधिकाऱ्याचा डोळा ई-क्लासवर जातो तो म्हणून. वर्धा नदी ओलांडून पूर्वेकडे जा, तिथं वेगळंच दुखणं आहे, झुडपी जंगलाचं. डोळ्यांना दिसतं माळरान, पण कायद्याने ते वन. सर्वोच्च न्यायालयानं २२ मे २०२५ च्या निकालात ते पुन्हा स्पष्ट केलं. तिकडे दवाखान्याला जागा शोधणाऱ्यांच्या मानाने आमचे अधिकारी नशीबवान म्हणायचे.

नवी इमारत हवी, याबद्दलही माझं दुमत नाही. ९ जानेवारी २०२१ ची पहाट आठवा. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. त्यानंतर मी आमच्या वॉर्डाच्या बोळीत उभा राहून पाहिलं होतं. दोन स्ट्रेचर समोरासमोर आले तर एकाला मागे जावं लागे, आणि फाटकातून अग्निशमनचा बंब वळणं कठीण. शस्त्रक्रिया, बाळंतपणातली गुंतागुंत, महामार्गावरचे अपघात, यांना मोकळी जागा आणि रुंद दार लागतंच. १०८ च्या गाडीला बायपास सोयीचाच आहे.

पण श्रोतेहो, दवाखान्यात रोज येणारे बहुतेक लोक १०८ मधून येत नाहीत. ते येस्टीनं येतात, काळीपिवळीनं येतात, बाजाराच्या दिवशी एका पिशवीत वांगी आणि दुसऱ्या पिशवीत जुने केसपेपर घेऊन येतात. बीपी-शुगरच्या महिन्याच्या गोळ्या. दिवस असलेल्या बाईची तपासणी. सिकलसेलचं पोरगं, ज्याची फोलिक ॲसिडची पुडी चुकून चालत नाही. डायलिसिसचा माणूस, आठवड्यातून दोनदा-तीनदा, दर वेळी चार-चार तास. तो परत निघतो तेव्हा त्याच्या पायांत जीव नसतो.

जुना दवाखाना स्टँडपासून किती लांब आहे, हे मी निवृत्त झाल्यावर मोजलं. ४१२ पावलं. वाटेत दोन कडुनिंब, एक पाणपोई, आणि एक रसवंती, जिच्या बाकावर रस न पिताही बसू देतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, दुपट्टा डोक्याला गुंडाळल्याशिवाय कुणी बाहेर पडत नाही, तेव्हा त्या दोन कडुनिंबांची किंमत कळते.

आता गंमत पाहा. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना येस्टी फुकट आहे. मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सरकारी दवाखान्यांत केसपेपरपासून उपचारापर्यंत सगळं मोफत. म्हणजे एखादी म्हातारी एक रुपया न देता स्टँडवर उतरते, आणि दवाखान्यात पोहोचल्यावर तिला एक रुपयाही लागत नाही. मधल्या साडेतीन किलोमीटरचं तिकीट मात्र कुठल्याच योजनेत नाही. तिथं ऑटोवाला सवारी भरेपर्यंत थांबतो, आणि एकटीला सोडायचं तर मनाला येईल तो भाव सांगतो. सरकारनं या योजनांत वाचवलेला तिचा पैसा नगर परिषदेच्या एका रंगाने जाईल.

त्यात वेळेचा हिशेब वेगळा. ओपीडी सकाळची. अकराची गाडी धरून आलेला माणूस ऑटो मिळून बायपासला पोहोचेपर्यंत रांग संपलेली असते. मग "उद्या या." उद्या म्हणजे आणखी एक रोजी बुडाली. निंदणाच्या, वेचणीच्या दिवसांत बाई दुसऱ्यांदा येत नाही, गोळ्या संपल्या तरी येत नाही. खिडकीत बसून मला हे कळायचं. एखादा ओळखीचा हात दोन महिने दिसायचा नाही, आणि मग एकदम दिसायचा तो लकवा मारलेला.

एक गोष्ट इथं सांगून टाकतो, कारण तिच्यावरून फार गोंधळ होतो. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं राज्याच्या आरोग्य विभागाची असतात, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली. प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेची. नगर परिषद त्या रुग्णालयात एकही डॉक्टर नेमू शकत नाही. तेव्हा "आराखडा झाला की तज्ज्ञ डॉक्टर येतील" असं सभेत कुणी म्हणालं तर हसून घ्या. नगर परिषदेच्या हातात आहे ते दवाखान्याच्या भोवतीचं: रस्ता, नाली, दिवे, पाणी, सावली, स्वच्छतागृह, कुठली जागा कशाला ठेवायची तो रंग. आमच्या फाटकासमोरची नाली दर जुलैत तुंबायची. आत आम्ही हिवतापाच्या गोळ्या वाटायचो आणि बाहेर डास वाढायचे. ती नाली तीन वेळा मंजूर झाली, दोन वेळा उकरली, एकदा बांधली, आणि बांधली ती उलट्या उतारावर.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. खाटा न्या बायपासला, शस्त्रक्रिया न्या, अपघात विभाग न्या. पण जुन्या जागेचा रंग तांबडाच राहू द्या. तिथं बाह्यरुग्ण विभाग ठेवा, गरोदर मातांची तपासणी, लसीकरण, महिन्याच्या गोळ्या, रक्त-लघवीची तपासणी, डायलिसिस. राज्याच्या आरोग्य विभागाशी बोलून हे ठरवता येतं, आणि त्यासाठी आधी जागा शाबूत असावी लागते. एकदा तिथं गाळ्यांचे लिलाव झाले की पुन्हा दवाखान्याला ४१२ पावलांवर जागा मिळणार नाही, ई-क्लास कितीही पडीक असली तरी. आणि नातेवाइकांसाठी दोन खोल्या, एक चूल-ओटा आणि नळ द्या. बाळंतिणीबरोबर आलेली सासू आजही वऱ्हांड्यात सतरंजीवर झोपते आणि सकाळी भाकर-पिठलं रस्त्यापलीकडच्या झाडाखाली तीन विटांवर करते. आराखड्यात कारंजं आहे, तिच्यासाठी चूल नाही.

आता खेड्यातल्या श्रोत्यांसाठी. तुम्ही म्हणाल, नगर परिषद शहराची, आमचं तिथं मतदान नाही, आम्हाला कोण विचारतो? हे खरं आहे, आणि मला वाटतं जागेचा रंग बदलताना साडेतीनची गाडी कुणाला आठवली नाही ती यामुळेच. नगरसेवकाचा मतदार मोटारसायकलवर दवाखान्यात जातो. पण कायद्यात हरकत घेणाऱ्यासाठी मतदार यादीची अट नाही. प्रारूप आराखडा राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत कोणतीही व्यक्ती हरकत किंवा सूचना देऊ शकते. साधा कागद चालतो. वर मुख्याधिकाऱ्यांचं पदनाम, खाली ज्या जागेबद्दल बोलायचं तिचा सर्व्हे नंबर, हरकत कशाला आणि का, चार ओळींत. सही किंवा अंगठा. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. तोंडी सांगून आलात तर ते हवेत गेलं. त्यानंतर नियोजन समितीपुढे सुनावणी होते, मग आराखडा मंजुरीला वर जातो, आणि मंजूर झाला की पुढची वीस वर्षं साधारण तोच चालतो. शाळेतलं आठवीचं पोरगंही हा कागद लिहून देईल. लिहिणारं कुणी नसेल तर बाजाराच्या दिवशी मी जुन्या दवाखान्याच्या पायरीवर सापडतो.

गेल्या बाजारी तिथं एक आजी आल्या, लांबच्या कोलाम पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्या. माझ्या खिडकीच्या जुन्या गिऱ्हाईक. हात पाहूनच ओळखलं. दवाखाना कुठं चाललाय ते त्यांना सांगितलं, नकाशाची झेरॉक्स दाखवली. नकाशाकडे त्यांनी पाहिलंही नाही. बायपास म्हणजे गिट्टी खदानीकडे का, एवढंच विचारलं. हो म्हटल्यावर बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "लिवा."

मी लिहिलं, वाचून दाखवलं, त्यांनी अंगठा दिला आणि बोट पदराला पुसलं. आम्ही दोघं नगर परिषदेत गेलो. जिना चढताना त्या मध्ये दोनदा बसल्या. आवक-जावकच्या बाबूनं कागद उलटा-सुलटा पाहिला. "यांचं घर कोणत्या वॉर्डात?" मी म्हटलं, वॉर्डात नाही, पोडावर आहे. तो म्हणाला, मग यांचा काय संबंध? मी कायद्याचं कलम सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आजींनी कमरेची चंची सोडली आणि त्यातून एक रिकामी पुडी काढून टेबलावर ठेवली. पुडीवर माझा कंदील होता, पुसट झालेला.

बाबूनं शिक्का मारला. पोच माझ्याकडे आहे. सुनावणीची तारीख अजून लागायची आहे. आजींनी दोनदा बजावून ठेवलंय, तारीख बाजाराचीच घ्या म्हणावं, एरवी आमच्याकडून गाडी नाही.

नमस्कार.