फाल्गुनातली साक्ष

(खेड्यातील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत निवृत्त मंडळ अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मंडळी, पत्रिकेवर ‘प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या सदस्यांची मुदत आणि पुनर्नियुक्ती’ असा विषय छापलेला असूनही आपण कापूस वेचणीच्या दिवसांत एवढ्या संख्येने आलात, याबद्दल मी ऋणी आहे. इथल्या निम्म्या श्रोत्यांनी महसूल खात्यात नोकरी केली आहे आणि उरलेल्यांचे त्या खात्याने काही ना काही अडवून ठेवले आहे. तेव्हा बदली, पदोन्नती आणि विभागीय चौकशी म्हणजे काय, हे सांगण्यात मी वेळ घालवत नाही.

आमच्या घरी एक सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी होता. त्याचे साल पाडव्याला ठरायचे आणि पुढच्या पाडव्याला संपायचे, हे विदर्भात कुणाला सांगायला नको. एका वर्षी वडिलांचा आणि शेजाऱ्याचा धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या हद्दीवरून, वाद पेटला. शेजाऱ्याचे म्हणणे असे की आमच्या वखराने दरवर्षी वीतभर करता करता त्याच्या रानातले दोन तास, म्हणजे पिकाच्या दोन ओळी, खाल्ले आहेत. पंच बांधावर जमले आणि त्यांनी सालदाराला पुढे बोलावले, कारण त्या वावरातला दगडन् दगड त्याच्याइतका कुणालाच ठाऊक नव्हता. महिना फाल्गुन होता. गड्याने डोईचा शेला काढला, झटकला, पुन्हा बांधला आणि म्हणाला, “मालक म्हनतीन थोच धुरा.” पंच हसले आणि वडीलही हसले, शेजारी मात्र हसला नाही.

पाडव्यानंतर तो गडी दुसऱ्या गावी सालाने लागला. पुढे एकदा भेटीला आला, तेव्हा कुणी विचारलेही नसताना तो मला त्या वावरात घेऊन गेला आणि बोरीच्या बुडाशी पायाने माती उकरून त्याने मूळ दगड दाखवला. “तवा काऊन नाही सांगतलं?” असे मी विचारल्यावर तो म्हणाला, “तवा माह्यं साल ठराचं होतं ना, बापू.” तो खोटारडा नव्हता, आणि वडिलांनी त्याला दमही दिलेला नव्हता. तशी गरजच पडली नव्हती. (दगड कळल्यावर आम्ही धुरा मागे घेतला का, हा प्रश्न मागच्या बाकावरून दरवेळी येतो. तो आज घेतला जाणार नाही.)

आता न्यायाधिकरणाकडे येतो. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 323-अ आले आणि 1985 च्या कायद्याने सरकारी नोकरांच्या सेवाविषयक तंट्यांसाठी ही न्यायाधिकरणे उभी राहिली. इथे अर्जदार बदलत राहतो, पण समोरचा पक्ष बहुधा एकच असतो, आणि तो म्हणजे सरकार. सदस्याची मुदत पाच वर्षे, ती आणखी पाच वर्षांनी वाढवता येईल, अशी तरतूद 2006 च्या दुरुस्तीनंतर याच कायद्यात होती. म्हणजे पाचव्या वर्षी, सदस्याच्या फाल्गुनात, साल ठरवणाऱ्यांत तो मालक हजर असतो, ज्याच्याविरुद्धचे अर्ज याच सदस्याच्या मेजावर पडलेले असतात. माझा स्वतःचा पदोन्नतीचा अर्ज एका पीठावर सदस्यच नाही म्हणून तारखांवर तारखा खात राहिला. ती कथा मोठी आहे आणि अध्यक्षांची पहिली चिठ्ठी आत्ताच आली आहे, म्हणून ती सोडतो.

मुदतीचा इतिहास झपाट्याने सांगतो. 2017 च्या नियमांनी अनेक न्यायाधिकरणांच्या सदस्यांना तीनच वर्षे दिली. 2019 मध्ये रॉजर मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले आणि अल्प मुदत व पुनर्नियुक्ती या जोडीमुळे शासनाचा प्रभाव वाढतो, हे दाखवून दिले. सरकारने 2020 मध्ये चार वर्षे केली, न्यायालयाने पाच सांगितली. 2021 च्या एप्रिलमध्ये वटहुकमाने पुन्हा चार आली, जुलैमध्ये न्यायालयाने ती रद्द केली, आणि ऑगस्टमध्ये तीच चार वर्षे, किमान वय पन्नासच्या अटीसह, कायदा होऊन परतली. शेवटी 19 नोव्हेंबर 2025 रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने त्याही तरतुदी रद्द केल्या. टाळ्या गवई अमरावतीचे म्हणून असतील तर त्या माझ्या वेळेत धरू नयेत.

दुसरी चिठ्ठी आली. माझे म्हणणे एवढेच आहे की तीन, चार की पाच, या मोजणीत मूळ दुखणे बाजूला राहिले. पाच वर्षे चारपेक्षा बरी, पण न्यायालयानेही पुनर्नियुक्तीची वाट मोकळीच ठेवली आहे, आणि तिथे माझे त्यांच्याशी जमत नाही. सरकारच्या प्रभावाच्या भीतीवर, निवड समितीचे प्रमुख मुख्य न्यायमूर्ती असतात, हे उत्तर मला मान्य आहे; परंतु 2021 च्या कायद्यात राज्य न्यायाधिकरणाच्या त्याच समितीत मुख्य सचिवही बसतात. दुसरी संधी नसेल तर चालती वकिली सोडून पाच वर्षांसाठी कोण येईल, हा आक्षेपही खरा आहे, म्हणूनच मुदत एकदाच पण लांब, सात-आठ वर्षांची द्यावी आणि पुनर्नियुक्ती पूर्णपणे बंद करावी. जागा रिकामी होण्याच्या सहा महिने आधी निवड सुरू व्हावी, नाहीतर जुन्यालाच मुदतवाढ देण्याचे निमित्त आयते मिळते. 1997 च्या चंद्रकुमार निकालाने उच्च न्यायालयाची देखरेख ठेवली आहेच, पण प्रत्येक कारकुनाला तिथवर जाणे परवडत नाही, यावर मला पाच मिनिटे हवी होती. ती आता उरलेली नाहीत. शेवटची एसटी पावणेनऊला आहे, तोवर मी बाहेरच्या पारावर बसलेलो आहे.