पाटल्या मोडण्याआधी

नमस्कार मंडळी. मी २२ वर्षं रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. ज्यांना बिल झेपत नाही, त्यांना योजनांची वाट दाखवणं हे माझं काम. माझं टेबल बिलाच्या खिडकीला लागूनच होतं. तरी लोक खिडकीशी रांग लावायचे आणि माझ्याकडे यायचे ते शेवटच्या दिवशी.

एक गृहस्थ अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत. साताऱ्याकडचे शेतकरी. बायकोच्या हृदयाची झडप बदलली होती. घरी सोडायच्या दिवशी ते माझ्यापुढे येऊन उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात. बायकोच्या पाटल्या मोडल्या होत्या, बैलजोडी विकली होती, उरलेले पैसे सावकाराकडून शेकडा पाचाने उचलले होते. एवढं सगळं करून झाल्यावर विचारलं, "बाई, काही कमी होईल का?"

खिशात केशरी रेशनकार्ड होतं. दाखल होतानाच ते आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, दाखवलं असतं, तर ती शस्त्रक्रिया महात्मा फुले जन आरोग्य योजनेत झाली असती. त्या योजनेत पैसे रुग्णालयाला परस्पर मिळतात. आपण आधी भरून बसलो, तर मागाहून हाती काही येत नाही. मी म्हटलं, "पहिल्या दिवशी का नाही विचारलंत?" म्हणाले, "गावात कळलं असतं."

त्याच गावाकडे इर्जिक घालायचे. चार घरचे बैल एकाच्या रानात, जेवण त्याच्या घरचं. बैल मागताना कुणाची मान खाली जात नव्हती. पैशाचं मात्र आपण झाकल्या मुठीत ठेवतो. बैलाची फेड बैलाने होते. पैसे मागायचे तर कर्ज किती, मुलगा काय देतो, भावाशी का पटत नाही, सगळं उघडं करावं लागतं. ही लाज खरी आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. म्हणूनच सांगते, सोयऱ्यांच्या दारात जाण्याआधी रुग्णालयातल्या समाजसेवकाच्या या टेबलाशी या. इथे व्याही बसलेला नसतो. इथे कागद बघतात.

धर्मादाय, म्हणजे ट्रस्टच्या, रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ कक लागू आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. बिलांच्या रकमेतले २ टक्के निर्धन रुग्ण निधीत जातात. म्हणजे तुम्ही दारात येण्याआधीच तो पैसा तुमच्यासाठी बाजूला काढलेला असतो. रुग्ण अत्यवस्थ असेल, तर आधी दाखल करून घेणं बंधनकारक आहे.

पण तुमची अडचण खिडकीतल्या माणसाला दिसत नाही, बोलावंच लागतं. पहिलं वाक्य जड जातं, म्हणून घरीच मोठ्याने म्हणून बघा: "आम्हाला निर्धन रुग्ण योजनेत अर्ज करायचा आहे. समाजसेवक कुठे बसतात?" एवढं पुरतं. रडून दाखवायची गरज नाही, घरची कहाणी सांगायची नाही. रेशनकार्ड, आधार आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा. दाखला नसेल तर उद्याच अर्ज टाका. आजारपण आल्यावर तहसीलला चकरा मारायला घरात माणूस उरत नाही.

मी साडेआठपर्यंत इथेच आहे. कुणी कागद आणले असतील तर बघते. चार लोकांत नको वाटत असेल, तर वाचनालयाची मागची खोली उघडून ठेवायला सांगितली आहे. तिथे बसू.