अखंड पुस्तिकेचे मोल

नमस्कार श्रोतेहो. ब्रिटिश टपाल खात्याने आपली पहिली तिकीट-पुस्तिका १६ मार्च १९०४ रोजी विक्रीस आणली. तिच्यात राजा सातवा एडवर्ड याची छबी असलेली एक पेनीची २४ तिकिटे, सहा-सहाच्या चार पानांत, बांधलेली होती. तिकिटांचे दोन शिलिंग (म्हणजे २४ पेनी) आणि वर बांधणीच्या खर्चाचा अर्धा पेनी, अशी तिची किंमत होती. १९०६ मध्ये ही किंमत पुरी दोन शिलिंग करताना पुस्तिकेत एक पेनीची १२ आणि अर्ध्या पेनीची २३ तिकिटे घालण्यात आली आणि उरलेल्या एका चौकटीत सेंट अँड्र्यूचा तिरपा क्रूस छापण्यात आला. पाच तिकिटे आणि एक क्रूस असलेले ते हिरवे पान आज संग्राहक मोठ्या आस्थेने शोधतात.

याच पुस्तिकांमधून एक वैशिष्ट्य पुढे आले, ते म्हणजे उलटे जलचिन्ह. जलचिन्ह म्हणजे कागद उजेडाकडे धरल्यावर त्याच्यात दिसणारी पुसट खूण. प्रत्येक पानाला बांधणीसाठी डावीकडे समास लागतो, म्हणून पुस्तिकांसाठी खास छापलेल्या तावांवर निम्मी तिकिटे उलटी मांडलेली असत. कागदातील जलचिन्ह मात्र सगळीकडे एकाच दिशेने असे, त्यामुळे निम्म्या पानांवर ते तिकिटाच्या चित्राच्या मानाने उलटे येई. ही छपाईतील चूक नव्हे, मांडणीचा अपरिहार्य परिणाम आहे, आणि माझ्या मते नव्या संग्राहकाने किमतीची यादी उघडण्याआधी हे कारण समजून घेतले पाहिजे.

पुढे टपाल छाननीच्या यंत्रांसाठी तिकिटांवर फॉस्फरचे, म्हणजे अतिनील प्रकाशात चमकणाऱ्या पदार्थाचे, पट्टे आले आणि भेदांचा नवा प्रांत खुला झाला. २४ मे १९७२ रोजी निघालेल्या चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध वेजवुड कंपनीवरील एक पौंडाच्या पुस्तिकेत अर्ध्या पेनीचे एक तिकीट असे आहे, की ज्याच्या फक्त डाव्या कडेला पट्टा आहे. त्या काळच्या नेहमीच्या अर्ध्या पेनीच्या तिकिटावर दोन पट्टे असत. हा प्रकार या पुस्तिकेखेरीज दुसरीकडे मिळत नाही, त्यामुळे राणी दुसरी एलिझाबेथ हिची छबी असलेल्या मेचिन तिकीट-मालिकेच्या अभ्यासकांना तो फार मोलाचा वाटतो. साध्या प्रकाशात तिकीट तिरपे धरले तर पट्टा बहुधा दिसतो. पट्टा मुळातच छापायचा राहून गेला आहे का, याची खात्री करायला अतिनील दिवा लागतो.

कडांच्या दात्यांकडेही बारकाईने पाहावे. पुस्तिकेची पाने यंत्राने कापताना पाते थोडे सरकले की एका कडेचे दाते छाटले जातात आणि पानाचे मोल बरेच उतरते. चारही कडांचे दाते शाबूत असलेले जुने पान म्हणूनच दुर्मीळ असते.

श्रोतेहो, माझा आग्रह एवढाच आहे, की पुस्तिका फोडू नका. कोणते पान कितवे होते, मुखपृष्ठावर कोणता आवृत्ती-क्रमांक होता, मधल्या पानांवर कोणत्या जाहिराती होत्या, यांवरून तिकिटाचा काळ आणि छपाई ठरवता येते. सुटे केलेले तिकीट ही साक्ष गमावून बसते. विकत घेताना टाके किंवा पिना उसवून पुन्हा घातलेल्या नाहीत ना, हे भिंगाने तपासा, कारण साध्या पुस्तिकेत महागडे पान बसवून फसवणूक केली जाते. आपल्या कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या दमट हवेने गोंद चिकटतो आणि पिना गंजतात, तेव्हा पुस्तिका दाबून न ठेवता उभ्या ठेवा आणि कोरडे ऊन पडले की त्यांना सावलीत वारा लागू द्या.